विजेची गाडी की पेट्रोलची? चला, हिशेब मांडूया!



"इथली वीजही गॅस जाळूनच बनते, मग विजेच्या गाडीने पर्यावरणाचं काय भलं होणार?" गाडी बदलायची म्हटली की हा प्रश्न हमखास निघतो. आम्ही पडलो इंजिनिअर! म्हणून थोडी ढोबळ आकडेमोड करून पाहिली.

पेट्रोलची गाडी : १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १०० किलोमीटरला ८ लिटर धरले, तर १८ किलो.

विजेची गाडी : १०० किलोमीटरला साधारण १८ युनिट लागतात. अमिरातीतली बरीचशी वीज नैसर्गिक वायूवर बनते हे खरंच. पण अबू धाबीतल्या बराका अणुवीज प्रकल्पाची चौथी अणुभट्टी २०२४ मध्ये सुरू झाली आणि देशाची सुमारे पाव गरज तिथून भागू लागली. शिवाय दुबईचा सोलर पार्क आहेच. युनिटमागे ४०० ग्रॅम धरले, तरी होतात ७ किलो. म्हणजे दर १०० किलोमीटरला ११ किलोंची बचत!

बॅटरीचं कर्ज : ६० युनिटची बॅटरी बनवतानाच ४ ते ५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे कर्ज फिटायला ४०-४५ हजार किलोमीटर लागतात. शारजा-दुबई रोज ये-जा करणाऱ्याचं ते दोन-अडीच वर्षांत फिटेल. आठवड्यातून एकदा लुलूला जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचं मात्र कित्येक वर्षं फिटणार नाही!

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडीसारखी कोळशावरची केंद्रं आहेत. भारतात युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम पडतात. त्यामुळे तिथे बचत निम्म्याहून कमी आणि कर्ज फिटायला जवळजवळ लाखभर किलोमीटर. गावी आई-बाबांसाठी गाडी घेताना हे लक्षात ठेवा. अर्थात शहरात धूर कमी होतो, हा फायदा दोन्हीकडे आहेच.

दुसरी बाजूही पाहू. उन्हाळ्यात एसी आणि बॅटरी थंड ठेवण्यासाठी जास्त वीज लागते. गाडी वजनदार असल्याने टायरची धूळही कमी होत नाही.

थोडक्यात काय, रोज भरपूर फिरणारी गाडी आधी विजेची करा. कमी चालणारी, धडधाकट जुनी गाडी खुशाल वापरा. आणि मंडळाच्या कार्यक्रमाला दोन कुटुंबं एकाच गाडीतून आलात, तर पेट्रोलची गाडीसुद्धा निम्मी हिरवी!