किती इंची? पडद्याच्या कर्णाचा इतिहास आणि पनवेलचे दोन फुटी टेबल

नवीन पनवेलमधील एखाद्या घरात संगणक घ्यायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच : किती इंची? संगणकाचा वेग, त्याची साठवण या गोष्टी नंतर येतात. पंधरा, सतरा, साडेअठरा, चोवीस, सत्तावीस, अशी ही संख्या पिढीगणिक वाढत गेली. परंतु ही संख्या नेमके काय मोजते, कोणी ठरवली, आणि ती वाढली तेव्हा घरात खरोखर काय वाढले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे.

आरंभ १८९७ सालचा. जर्मन पदार्थविज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने कॅथोड किरणांची नळी बनवली. विद्युतकणांचा झोत काचेच्या आतील लेपावर आदळतो आणि तेथे ठिपका उजळतो, एवढेच तिचे तत्त्व. नळी निर्वात असल्याने बाहेरील हवेचा प्रचंड दाब काचेवर पडतो, आणि तो सर्वांत सहजपणे पेलणारा आकार म्हणजे गोल. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या पहिल्या नळ्यांचे तोंड गोल होते. गोल वस्तू मोजायची तर व्यासाने मोजतात. १९४६ साली अमेरिकेत आरसीए कंपनीचा जो गाजलेला संच बाजारात आला, त्याची ‘दहा इंची’ नळी म्हणजे दहा इंच व्यासाची गोल नळी होती. चित्र त्या वर्तुळात बसवलेले असे.

१९५०च्या सुमारास चौकोनी तोंडाच्या नळ्या रुळल्या. आता लांबी-रुंदी सांगणे अधिक प्रामाणिक ठरले असते. पण वर्तुळात बसवलेल्या चौकोनाचा कर्ण म्हणजे त्या वर्तुळाचा व्यासच असतो. जुन्या आकड्यांशी तुलना करायला कर्ण सोयीचा होता, आणि विक्रेत्याला तो अधिकच सोयीचा होता, कारण चौकोनातील सर्वांत मोठी सरळ रेषा कर्णच असते. गोल नळ्या गेल्या आणि त्यांचा व्यास कर्णाच्या रूपाने मागे उरला. आज ज्या पडद्यात नळीच नाही, तोही याच मापाने विकला जातो.

भारतातील या कथेचा पहिला टप्पा पनवेलपासून खाडीपलीकडे, मुंबईत घडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी संगणक उभारण्यात आला. १९६० साली तो कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांच्या या यंत्राला आलेख व अक्षरे दाखवणारी कॅथोड किरण नळीही जोडलेली होती. हा पडदा किती इंची आहे, याला तेव्हा कोणालाच महत्त्व नव्हते. संगणक खोली व्यापत असे. पडदा त्याची एक पूरक खिडकी होता.

घरात संगणक आला तेव्हा त्याला स्वतःचा पडदाही नव्हता. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती भारतात आणली. ती घरच्या टीव्हीलाच जोडायची. पडद्यावर एका ओळीत ३२ अक्षरे आणि अशा २४ ओळी मावत. टीव्ही १४ इंची असो वा २० इंची, अक्षरे तितकीच; मोठ्या पडद्यावर ती नुसती फुगत. आकाराविषयीचा हा मूलभूत धडा पहिल्याच पिढीने गिरवला होता, तरी पुढील प्रत्येक पिढीने तो पुन्हा पैसे मोजून शिकला : इंच म्हणजे काचेचे माप आहे, त्यावर मावणाऱ्या मजकुराचे नव्हे.

पुढे कार्यालयांतून पीसी आला. त्याच्या मजकुराच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी बसत. ही चौकट रोमन लिपीसाठी आखलेली होती आणि मराठीची अडचण येथे उघडी पडली. रोमन अक्षर एका छोट्या चौकोनात मावते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार हवा आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय हवा. म्हणजे देवनागरीची भूक रुंदीपेक्षा उंचीची अधिक आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले, आणि पीसीच्या आत बसवायच्या जिस्ट कार्डामुळे त्याच डॉसच्या पडद्यावर भारतीय लिपी दिसू लागल्या. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिपींचे संकेतमानक निघाले. मराठी अक्षराने पडद्यावर उभी जागा मागितली, ती अशी. ही उंचीची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तीच हिरावली गेली.

आता पनवेल. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने गाव, आणि त्याच्या शेजारी सिडकोने वसवलेले नवीन पनवेल. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत पोचली आणि येथील घरे मुंबईच्या नोकरदारांच्या आवाक्यात आली. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार होता. तेथून भाग आणून ‘असेंबल्ड’ पीसी जोडण्याचा हा काळ. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत संगणक ही चैन न ठरता गरज ठरू लागली.

या घरांत निर्णायक माप मॉनिटरचे नव्हते, टेबलाचे होते. वन रूम किचनमध्ये संगणकाचे टेबल दोन फूट खोल, म्हणजे ६० सेंटिमीटर. त्याहून खोल केले तर वाट अडते. १७ इंची डबा मॉनिटर स्वतःच सुमारे ४२ सेंटिमीटर खोल आणि पंधरा-सोळा किलो वजनाचा. मागे वायरींना चार बोटे जागा सोडली की काच टेबलाच्या कडेपासून जेमतेम अर्धी वीत आत राही. १९ इंची घ्यावा, तर नळी आणखी लांब, म्हणून काच आणखी पुढे. थोडक्यात, पडदा जितका मोठा तितका तो डोळ्यांच्या जवळ येई. मोठा पडदा दुरून पाहायचा असतो हे साधे शहाणपण या टेबलावर उलटे होई.

यावर सुतारांकडे एक उत्तर होते. ते म्हणजे कीबोर्डची सरकती फळी. ती बाहेर ओढली की बसणारा आपोआप मागे सरकतो आणि डोळा व काच यांत पुन्हा हातभर अंतर पडते. सुतार आजही ‘सूत’ या मापाने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने हिशेब करतात. संगणकाच्या मापांत सर्वांत अचूक माप बहुधा त्यांचेच असावे!

दुसरा हिशेब विजेचा. त्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन नित्याचे होते. डबा मॉनिटर ७० ते १०० वॅट वीज घेई, त्यामुळे यूपीएसवर काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरतीच मिनिटे हाती लागत. पडदा मोठा, तर मिनिटे कमी. १५ की १७ या निवडीत हाही एक विचार असे.

आणि १७ तरी खरे कुठे होते? हे माप काचेच्या नळीचे. तिची कड प्लॅस्टिकच्या चौकटीखाली दडलेली असे आणि प्रत्यक्ष दिसणारे चित्र सुमारे १६ इंचच भरे. ही तक्रार नवी नव्हती. टीव्हीच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६६ सालीच नियम करून दिसणाऱ्या चित्राचे माप सांगणे बंधनकारक केले होते. संगणकाच्या पडद्यांवरून तेथे १९९०च्या दशकात दावे झाले. त्यानंतर जाहिरातींत ‘दिसणारे माप’ बारीक अक्षरांत वेगळे छापले जाऊ लागले. ठळक अक्षरांत मात्र मोठाच आकडा राहिला.

मग सपाट एलसीडी आला. त्याला नळी नसल्याने १७ म्हणजे खरोखरच १७. शिवाय तो भिंतीपर्यंत मागे सरकला, वीज ३०-४० वॅटवर आली आणि तेच दोन फुटी टेबल एकाएकी प्रशस्त झाले. पडदा लांब गेला म्हणूनच त्यानंतर मोठा पडदा हवासा वाटू लागला. इंचांच्या वाढीचे श्रेय केवळ हौसेला देणे चूक आहे. त्यामागे टेबलाचे हे भूमितीशास्त्रही आहे.

परंतु याच टप्प्यावर ग्राहकाची मोठी फसगत झाली, आणि तीही एकही खोटा शब्द न बोलता. १७ इंची एलसीडीचे प्रमाण ५:४ असे. रुंदी सुमारे ३४ सेंटिमीटर, उंची २७. ठिपके १,२८० गुणिले १,०२४. २०१०च्या आसपास रुंद टीव्हीचे १६:९ प्रमाण मॉनिटरमध्ये सर्वत्र पसरले. टीव्ही आणि मॉनिटर यांचे पटल एकाच प्रमाणात बनवणे कारखान्यांना परवडणारे होते. स्वस्त पर्याय म्हणून साडेअठरा इंची मॉनिटर घरोघरी आला. आकडा दीड इंचाने वाढला. उंची मात्र २७ वरून २३ सेंटिमीटरवर उतरली. ठिपके १,३६६ गुणिले ७६८, म्हणजे एकूण संख्येत सुमारे २० टक्के घट. जुन्या १७ इंची पडद्याची उंची १६:९ मध्ये परत मिळवायची, तर साडेएकवीस इंचांचा पडदा घ्यावा लागतो.

चित्रपट पाहणाऱ्याला यात लाभच होता. तोटा झाला वाचणाऱ्याचा व लिहिणाऱ्याचा, आणि त्यातही मराठीत लिहिणाऱ्याचा, कारण मात्रा-उकारांमुळे देवनागरीच्या ओळींना अंतर अधिक द्यावे लागते. साडेअठरा इंची पडद्यावर जुन्यापेक्षा ओळी कमी दिसू लागल्या आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा पडून राहिली.

पुढे आकारावर सरकारचीही नजर गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा १७ इंचांपर्यंतच्या संगणक मॉनिटरला १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के कर होता. बाजारात तेव्हा १७ इंची नवा मॉनिटर शोधूनही विरळाच सापडला असता. सप्टेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २० इंचांवर गेली. १ जानेवारी २०१९ पासून ती ३२ इंच झाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याहून मोठे पडदेही १८ टक्क्यांत आले. चैन कोठे सुरू होते, याचे शासकीय उत्तर आठ वर्षांत १७ इंचांवरून ३२ वर सरकले आणि शेवटी पुसलेच गेले. मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीत, शाळा आणि कचेरी दोन्ही घरात आल्या होत्या; लॅपटॉपला जोडायला मोठा पडदा हवा, ही तेव्हा अनेकांची निकड होती.

मग आज त्याच दोन फुटी टेबलासाठी किती इंची घ्यावा? हिशेब जुन्याच मापांनी करता येतो. पडदा भिंतीला टेकवला तर डोळा साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर असतो. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांवर इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात आणि अक्षर स्वच्छ राहते. तेवढेच ठिपके २७ इंचांवर ताणले तर इंचाला सुमारे ८२ उरतात, आणि रफार-अनुस्वाराच्या कडा या अंतरावरून दातेरी दिसतात. २७ घ्यायचाच असेल तर २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांचा घ्यावा. तेथे इंचाला सुमारे १०९ पडतात, म्हणजे २४ इंचीपेक्षाही अक्षर रेखीव. त्याची रुंदी मात्र ६० सेंटिमीटर असते. टेबल अरुंद असेल, तर पुस्तके भिंतीवरील फळीवर जातात.

लिहिण्याचे किंवा मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्यांपुढे आणखी एक वाट आहे. अनेक मॉनिटर आता खांबावर फिरवून उभे करता येतात. २४ इंची पडदा उभा केला की ५३ सेंटिमीटर ही त्याची उंची होते, जुन्या १७ इंचीच्या जवळजवळ दुप्पट. टेबलाची रुंदी तो जेमतेम ३० सेंटिमीटर अडवतो. कर्ण मात्र तोच, २४ इंच.