खरखर घालवणारा डॉल्बी आणि साताऱ्याच्या मिरवणुकीतला डॉल्बी

साताऱ्यात किंवा सांगलीत गणेशोत्सवाच्या तोंडावर 'डॉल्बी' हा शब्द कानी पडला, तर त्याचा अर्थ एकच असतो: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. मंडळांच्या बैठकीत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि पोलिसांच्या आवाहनांतही हाच शब्द येतो. डालडा, झेरॉक्स यांसारखी व्यापारी नावे मराठीत सामान्यनामे झाली, तसेच याचेही झाले. फरक इतकाच की डालड्याचा अर्थ तूपच राहिला, डॉल्बीचा मात्र पुरता उलटा झाला. हे नाव मूळचे आवाज वाढवण्याच्या नव्हे, तर नकोसा आवाज कमी करण्याच्या तंत्राचे आहे. आणि त्या तंत्राचा धागा भारतातूनच जातो.

रे डॉल्बी हा १९३३ साली जन्मलेला अमेरिकन अभियंता. विद्यार्थिदशेतच त्याने अ‍ॅम्पेक्स कंपनीत पहिल्या व्यावहारिक व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या कामात हातभार लावला होता. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आला. चंदीगडची केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना तेव्हा आकार घेत होती, तिच्या उभारणीत त्याने काम केले. फावल्या वेळात तो येथील संगीत टेपवर मुद्रित करी. त्या मुद्रणातली टेपची सततची सूं-सूं त्याला खटके आणि ती घालवण्याचा विचार याच काळात त्याच्या डोक्यात घोळू लागला.

ही खटक समजायला तंबोरा आठवावा. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडशे वर्षांहून अधिक काळ तंबोरे आणि सतारी घडत आहेत (२०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले). तंबोऱ्याचा झंकार विरत विरत शांततेत मिसळतो आणि त्या विरण्यातच त्याचे सौंदर्य असते. टेपची खरखर नेमकी तेथेच आडवी येते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते. डॉल्बीची युक्ती यावरच बेतलेली होती. मुद्रण करताना फक्त हळू स्वर उचलून घ्यायचे आणि ऐकवताना ते तितकेच खाली आणायचे. त्यांच्यासोबत खरखरही खाली जाते. १९६५ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या आपल्या कंपनीतून त्याने जे पहिले यंत्र बाजारात आणले, ते ध्वनीचे चार पट्ट्यांत विभाजन करून प्रत्येक पट्टीवर हे काम स्वतंत्रपणे करी. त्यामुळे खरखर सुमारे १० डेसिबलने घटे. हा १० चा आकडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

पुढे हे नाव चित्रपटगृहात शिरले. १९७० च्या दशकातल्या डॉल्बी स्टिरिओने फिल्मच्या कडेच्या दोन अरुंद ध्वनिपट्ट्यांत चार वाहिन्या बसवल्या: डावी, मधली, उजवी आणि प्रेक्षकांच्या भोवतालची. १९९२ पासून डॉल्बी डिजिटलने ५.१ ही मांडणी आणली. भारतात '१९४२: अ लव्ह स्टोरी' (१९९४) हा पहिला डॉल्बी स्टिरिओ चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्यानंतर चित्रपटगृहांच्या दारांवर आणि जाहिरातींत डॉल्बीच्या पाट्या झळकू लागल्या. प्रेक्षकाला तंत्र दिसत नव्हते. त्याला छातीत बसणारा दणका जाणवत होता. शब्दाचा अर्थ फिरला तो बहुधा याच पाट्यांखाली.

तोच दणका घरी आणण्याची हौस लवकरच तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. कंपनीचा होम थिएटर संच महाग, म्हणून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत 'असेंबल' केलेले अ‍ॅम्प्लिफायर तयार होऊ लागले. पत्र्याचा डबा, ट्रान्सफॉर्मर आणि '४४४०' या आकड्यानेच ओळखली जाणारी आयसी एवढ्यावर दोन स्पीकर वाजत. डीव्हीडी प्लेअर आला आणि सहा वाहिन्यांची सहा टोके त्याच्या पाठीवर दिसू लागली. खरी कसोटी येथे होती. ताकदीचे काम सहा पॉवर बोर्ड करीत. पण त्यांच्याआधीच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरला सहाही वाहिन्यांचा आवाज एकाच प्रमाणात वर-खाली करावा लागे. एका दांड्यावरच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे भाग जुळले नाहीत, तर आवाज कमी करताच एक बाजू आधी मुकी होई. अर्थिंग दोन ठिकाणी जोडले गेले की 'हमिंग' सुरू. मग सगळ्या अर्थच्या तारा एकाच बिंदूला आणणे, इनपुटला शील्डेड वायर वापरणे, ट्रान्सफॉर्मर दूरच्या कोपऱ्यात नेणे असे उपाय करावे लागत. खरखर आणि घरघर घालवण्याचा हा खटाटोप रे डॉल्बीच्या मूळ उद्योगाशी प्रामाणिक होता. किंबहुना या साऱ्या कथेत त्याचा खरा वारसा या पत्र्याच्या डब्यांतच सापडतो.

मिरवणुकीतली भिंत दिसते अनेक वाहिन्यांची, पण तिच्यात भोवतालच्या ध्वनीचा मागमूस नसतो. एकच गाणे क्रॉसओव्हरमधून विभागले जाते. खर्ज प्लायवूडच्या मोठ्या खोक्यांतल्या 'बेस'ला जातो आणि वरचे स्वर 'टॉप'ना. भिंत दरवर्षी उंच का होत जाते, याचे उत्तर कानाच्या गणितात आहे. शक्ती दुप्पट केली तर केवळ ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजेच दहापट शक्ती. शेजारच्या मंडळापेक्षा दुप्पट वाजायचे ठरवले, की दहापट अ‍ॅम्प्लिफायर, तेवढाच मोठा जनरेटर आणि तेवढेच भाडे आले. रे डॉल्बीने जे १० डेसिबल कमी करून नाव कमावले, तेच १० डेसिबल वाढवण्यासाठी वर्गणी खर्ची पडू लागली.

१२ सप्टेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत रे डॉल्बीचे निधन झाले. त्या वर्षीची गणेशचतुर्थी ९ सप्टेंबरला होती. साताऱ्या-सांगलीत उत्सव भरात होता. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत, साताऱ्याच्या राजपथावर एका जुन्या इमारतीची भिंत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. डॉल्बीच्या हादऱ्याने ती पडली, असाच सूर शहरात उमटला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून अस्तित्वात होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर होतीच. पण 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' हा शब्दप्रयोग जोर धरू लागला तो या मृत्यूंनंतर. कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना विश्वास नांगरे पाटील यांनी ती मोहीम सातारा, सांगली आणि कोल्हापुरात नेटाने राबवली.

विरोधही झाला. २०१८ साली साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनी डॉल्बीच्या बाजूने उघड भूमिका घेतली. त्याच सप्टेंबरमध्ये ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. बंदीला तात्पुरती स्थगिती देण्यास न्यायालयाने नकार दिला. कर्ज काढून यंत्रणा उभी करणाऱ्याचा हंगाम बुडतो, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण राजपथावरून घरी न परतलेल्या तिघांसमोर तिचे वजन फारसे भरत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात सांगली जिल्ह्यातून मिरवणुकीदरम्यान दोन तरुणांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. त्यांचा संबंध पुन्हा डॉल्बीच्या आवाजाशी जोडला गेला आणि बंदीची मागणी पुन्हा सुरू झाली.