कुरणशाळा

गेल्या महिन्यात आम्हा प्राध्यापक मंडळींसाठी 'अध्यापनाच्या नावीन्यपूर्ण पद्धती' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. फिनलंड झालं, अमेरिका झाली, मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषा झाल्या. (जेवण मात्र उत्तम होतं!) मी वाट बघत होतो की कोणीतरी कोसबाडचं नाव घेईल. डहाणूच्या पुढे घोलवड स्टेशनवर उतरलं की ती टेकडी जवळच. पण नाही घेतलं कोणी. म्हणून हा उद्योग.

ताराबाई मोडकांनी १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीचं काम सुरू केलं आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ते काम शहरातलं, शिकल्या-सवरलेल्यांच्या मुलांचं. १९४५ साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

हे १९४५ साल जरा लक्षात ठेवा. याच वर्षी तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून हिंडत होत्या. ज्यांच्या आईबापांना जमीनदाराकडे फुकट राबावं लागत होतं, त्यांच्या पोरांना शाळेत 'रस' कसा वाटावा?

मॉन्टेसरीची लाकडी साधनं महागडी. बाईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, माती आणली. आपल्याकडे कोसबाडचं कौतुक सहसा इथेच थांबतं. मला मात्र पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. साधनं बदलूनही पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात भरायला लागली. १९७५ साली सरकारने सुरू केलेल्या अंगणवाडीची मुळं शोधत गेलात तर या अंगणांपर्यंत यावं लागतं.

१९५६-५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे अडचण निराळी. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटं भावंड तिच्या कडेवर. मग विकासवाडी झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे ताईने भावंडाला घेऊनच यावं. तरी गुरं राखणारी पोरं उरलीच. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि शाळाही चालू आहे, ही कुरणशाळा.

आता माझा वर्ग. हजेरीपटावर नावं भरपूर, बाकांवर माणसं कमी. बरीचशी मुलं डहाणू लोकलने येतात (ती २०१३ साली सुरू झाली, त्याआधीचे हाल विचारू नका). काही बोईसरच्या एमआयडीसीत कामाला जातात. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला आलेला मुलगा पेंगतो, त्याच्यापुढे मी कितीही रंगीत स्लाइड लावली तरी त्याचा डोळा लागणारच. आणि ७५ टक्के हजेरीचा नियम त्याच्याच मानगुटीवर. कार्यशाळेत मुलांचं लक्ष कसं वेधावं यावर दिवसभर चर्चा झाली. जे वर्गात पोचतच नाहीत त्यांच्याविषयी एक वाक्य नाही.

मी दोन वर्षांपासून एक साधी गोष्ट करतो. 'इतिहासाची साधने' शिकवताना सगळ्यांना घरातला एक जुना कागद आणायला सांगतो. सातबारा, रेशनकार्ड, मजुरीची पावती, काहीही. पहिल्या वर्षी एक मुलगा पुनर्वसनाची नोटीस घेऊन आला. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, त्यातलं त्याचं घर. इतरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तारीख कोणती? सही कुणाची? घराची किंमत कोणी ठरवली? तुझे आजोबा काय सांगतात, आणि कागदात काय आहे? साधनचिकित्सा याहून वेगळी काय असते? तास संपल्याची बेल झाली तरी कोणी उठेना.

याला कोणी 'नावीन्यपूर्ण' म्हणावं असं मला वाटत नाही. शिंपल्यांच्या जागी कागद आले, एवढंच. पाळीच्या मुलांचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. त्यांच्यासाठी या सत्रात बोईसरलाच, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दोन तास बसायचं ठरवलंय. जागा एका विद्यार्थ्याच्या घराचा ओटा. हे तास हजेरीत धरायचे की नाहीत, याचा अर्ज देऊन ठेवलाय, उत्तर अजून आलेलं नाही. पहिल्या रविवारी सात जण आले होते. त्यातल्या दोघांना मी वर्गात कधी पाहिलंच नव्हतं.