दिनविशेष : १४ फेब्रुवारी – टॉर्व्हिल-डीन यांचे ऑलिंपिक सुवर्ण

ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल व ख्रिस्तोफर डीन यांनी १४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्हो (तत्कालीन युगोस्लाव्हिया) येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस डान्सचे सुवर्णपदक पटकावले. दोघेही नॉटिंगहॅमचे, ती विमा कंपनीत कारकून, तो पोलीस शिपाई. १९७५मध्ये ही जोडी जमली. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्यांना पाचवे स्थान मिळाले. पुढे नॉटिंगहॅम नगर परिषदेच्या अनुदानामुळे नोकरी सोडून पूर्णवेळ सराव करणे शक्य झाले. १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षे ते विश्वविजेते होते.

सारायेव्होत त्यांनी फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल यांच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले. संगीत नियमापेक्षा काही सेकंद लांब होते. मात्र स्केटचे पाते बर्फाला टेकल्यावरच वेळ मोजली जाई. त्यामुळे आरंभीच्या हालचाली त्यांनी गुडघ्यांवर बसूनच केल्या. कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी ६.० हे सर्वोच्च गुण दिले. त्यानंतर ते व्यावसायिक स्केटिंगकडे वळले. १९९४मध्ये लिलेहॅमर ऑलिंपिकसाठी स्पर्धेत परतून त्यांनी कांस्यपदक मिळवले.