मोटेपासून वक्र दरवाजापर्यंत

मंडळी, गंगाखेडच्या घाटावर पाणी चढू लागलं की आपण पहिलं विचारतो, ‘पैठणचे दरवाजे किती उचलले?’ या प्रश्नातच आजचा विषय आहे. ताकदीला हवी तेवढीच हालचाल करायला लावणारं साधन, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. विहिरीवर बैल धावेवरून उतरले की मोट वर येई. ती थारोळ्यात रिकामी होईपर्यंत मोटकरी त्यांना थांबवी. ताकद बैलांची, ताबा माणसाचा.

1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. या धरणाला 27 दरवाजे आहेत. असे वक्र दरवाजे उचलताना सहसा विजेची मोटर वेगाने फिरते. गिअर वेग कमी करून जोर वाढवतात. पोलादी दोर ड्रमवर गुंडाळत जातो. मोटर थांबली की ब्रेक दरवाजा तिथेच धरून ठेवतो.

म्हणूनच ‘अर्धा फूट उचलला’ असं सांगता येतं. 2006 च्या महापुरानंतर या अर्ध्या फुटाचं मोल आपल्या गोदाकाठाला वेगळं सांगावं लागत नाही. उचलणं ही ताकद झाली. नेमकं थांबणं, हे नियंत्रण.