नाकाची वाट : टोरांटो, १९३७

१९३७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील टोरांटो शहर पोलिओच्या साथीने हादरून गेले होते. ऑन्टारिओ प्रांतात त्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. सप्टेंबरात शाळा ठरल्या दिवशी उघडल्याच नाहीत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांना जगवण्यासाठी ‘आयर्न लंग’ नावाचे, माणूस आडवा मावेल असे पिंप लागत असे. ते पुरेनात म्हणून तेथील ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन’च्या तळघरातच कारखाना थाटला गेला आणि काही आठवड्यांत २७ यंत्रे जोडून तयार झाली. वैद्यकाच्या इतिहासात हे तळघर अभिमानाने सांगितले जाते.

त्याच दिवसांत, त्याच शहरात आणखी एक गोष्ट घडली. ती फारशी सांगितली जात नाही. सुमारे ५,००० निरोगी मुलांच्या नाकात, अगदी वर, छतापर्यंत, झिंक सल्फेटचा म्हणजे जस्ताच्या लवणाचा फवारा मारण्यात आला. पोलिओ होऊ नये म्हणून. पोलिओ त्याने टळला नाही. काही मुलांचे गंधज्ञान मात्र गेले. आजचा धागा त्या फवाऱ्याविषयी, आणि त्यामागच्या एका अत्यंत तर्कशुद्ध चुकीविषयी.

आधी नाकाची रचना समजून घेऊ, कारण सगळे नाट्य तिथेच आहे. आपण नाकाने श्वास घेतो. पण वास घेण्याचे काम नाकाच्या छताशी असलेला एक छोटासा पट्टा करतो. दोन्ही बाजूंचा मिळून तो जेमतेम काही चौरस सेंटिमीटरचा. त्या पट्ट्यातील घ्राणपेशी या खऱ्याखुऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे एक टोक श्वासाच्या हवेत उघडे असते आणि दुसरे टोक वरच्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून थेट मेंदूच्या घ्राणकंदात शिरते. बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यामध्ये एका पेशीचेच अंतर. शरीरात इतरत्र मेंदू इतका उघड्यावर आलेला आढळत नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूवर घाला घालणाऱ्या विषाणूची वाट शोधणाऱ्या संशोधकाला ही रचना पाहून काय वाटेल? वेशीचा दरवाजा सताड उघडा दिसत असताना चोर तटबंदीवरून आला असेल, असे कोण मानील?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील सायमन फ्लेक्सनर यांनी हेच मानले, आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. १९०८ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओ माकडात संक्रमित करून दाखवला होता. फ्लेक्सनर यांनी तो धागा पकडला. त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडे ऱ्हीसस जातीची होती, म्हणजे आपल्या उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसतात ती लाल तोंडाची माकडे. या माकडांच्या नाकात विषाणू सोडला की त्यांना लकवा होई. तोंडावाटे दिला तर सहसा काही होत नसे. पुढे इतरांनी माकडांचे घ्राणतंतूच कापून पाहिले. मग नाकातून विषाणू देऊनही माकड ठणठणीत राही. याहून स्वच्छ पुरावा कोणता असू शकतो?

विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. १९१२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये कार्ल क्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पोलिओने दगावलेल्या रुग्णांच्या आतड्यात विषाणू सापडला होता. तो निष्कर्ष बाजूला पडला. फ्लेक्सनर यांचा दरारा मोठा होता, रॉकफेलर संस्थेचा त्याहून मोठा, आणि माकडे तर डोळ्यांसमोर लुळी पडत होती. ज्या प्राण्यात आजार आतड्यातून होतच नाही त्याच प्राण्यावर पंचवीस वर्षे प्रयोग केले, तर आतड्याची वाट दिसणार कशी? शिवाय हा विषाणू माकडाच्या मेंदूतून माकडाच्या मेंदूत असा वर्षानुवर्षे टोचून जोपासलेला होता. त्यामुळे चेतातंतूंखेरीज कशातच न वाढणारा असा त्याचा वेगळाच वाण तयार झाला होता. माकडाची निवड आणि वाणाची जोपासना या दोन्ही गोष्टी माणसाने केल्या आणि निघालेल्या निष्कर्षाला निसर्गनियम मानले.

आता १९३५ सालाकडे येऊ. त्या वर्षी मॉरिस ब्रॉडी आणि जॉन कोल्मर यांच्या दोन पोलिओ लसी अमेरिकेत हजारो मुलांना टोचल्या गेल्या आणि काही मुलांना त्यानंतर लकवा झाला. लसीचा मार्ग वीसएक वर्षांसाठी बंद झाल्यासारखा झाला. अशा वेळी नाकाच्या वाटेचा विचार फार मोहक वाटू लागला. विषाणू एकाच दारातून येतो ना? मग दारच बंद करू.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी तुरटी आणि पिक्रिक आम्ल यांच्या द्रावणाने माकडांचे संरक्षण होते असे दाखवले. १९३६ मध्ये अलाबामात साथ आली तेव्हा लोकांनी घरोघर हा फवारा नाकात मारून घेतला. कोणी किती वेळा मारला, कसा मारला, कशाचा पत्ता नाही. त्यामुळे त्यातून निष्कर्षही निघाला नाही. दरम्यान स्टॅनफर्ड विद्यापीठात एडविन शुल्ट्झ आणि लुई गेबहार्ट यांना झिंक सल्फेट अधिक प्रभावी आढळले. माकडे कित्येक आठवडे सुरक्षित राहत. मिशिगनचे मेंदूशल्यविशारद मॅक्स पीट यांनी तो फवारा माणसाच्या नाकात नेमका छतापर्यंत कसा पोचवायचा याचे तंत्र बसवले. साधी पिचकारी तिथवर पोचत नाही, लांब नळी लागते, आणि ती चालवायला कान-नाक-घसा तज्ज्ञाचा हात लागतो.

टोरांटोत हीच पद्धत वापरली गेली. या प्रयोगाची माणसे साधीसुधी नव्हती. फ्रेडरिक टिस्डॉल आणि ॲलन ब्राउन हे त्याच बालरुग्णालयातील नावाजलेले डॉक्टर. ‘पॅब्लम’ हे जगभर खपलेले बाळांचे पोषक अन्न त्यांच्याच चमूने तयार केले होते. रॉबर्ट डेफ्रीझ हे कॉनॉट प्रयोगशाळांतील सार्वजनिक आरोग्याचे जाणकार. अलाबामातील गोंधळ टाळायचा म्हणून त्यांनी तुलनेसाठी फवारा न दिलेल्या मुलांचा गट ठेवला. १९३७ साली, साथ ऐन भरात असताना, घाबरलेले पालक दाराशी उभे असताना असा गट ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हती. या लोकांना निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या उपचारातील एक तपशील मात्र थबकायला लावतो. फवारा योग्य जागी पोचला हे ओळखायचे कसे? तर मुलाला वास येईनासा झाला की समजायचे, काम झाले. गंधज्ञान जाणे हा दुष्परिणाम नव्हता, ती यशाची खूण होती. तो काही दिवसांत परत येईल अशी अपेक्षा होती. बहुतेकांचा आलाही.

साथ ओसरल्यावर आकडे मांडले गेले. फवारा दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत पोलिओचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. आणि १९३८ मध्ये टिस्डॉल, ब्राउन आणि डेफ्रीझ यांनी आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता झिंक सल्फेटच्या फवाऱ्यानंतर दीर्घकाळ टिकलेला घ्राणनाश. आपल्याच उपचाराने झालेली इजा त्यांनी स्वतः छापली. हे आजही सर्रास घडत नाही.

गंध जाणे म्हणजे काय, हे २०२० नंतरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळते. पण आमरसाचा आमरसपणा, फोडणीचा खमंगपणा, पहिल्या पावसाच्या मातीचा वास हे सारे नाकाच्या त्या छोट्या पट्ट्याचे देणे. गॅस गळतो आहे, दूध नासले आहे, काहीतरी जळते आहे, ही धोक्याची सूचनाही तोच देतो. मोठ्या माणसाला आपण काय गमावले ते सांगता तरी येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते शब्दांत कसे मांडता येणार? पुढे ते अन्नाला बेचव म्हणेल आणि घरचे त्याला खाण्याचे नखरे म्हणतील.

मूळ सिद्धांत कोसळला तो तीन-चार वर्षांत. अल्बर्ट सेबिन, ज्यांच्या नावाचे पोलिओचे थेंब पुढे जगभर गेले तेच, रॉबर्ट वॉर्ड यांच्यासह पोलिओने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शरीराचा एकेक अवयव तपासत गेले. १९४१ च्या त्यांच्या निबंधाने चित्र स्पष्ट केले. विषाणू नाकाच्या वाटेने आला असता तर घ्राणकंदात सापडायला हवा होता. तो तिथे नव्हता. तो घशात आणि आतड्यांत होता. चोर दरवाजातून आलाच नव्हता. तो जेवणाच्या ताटावरून, घाणेरड्या हातांवरून, पाण्यातून आला होता. स्टॉकहोमच्या क्लिंग यांचे निरीक्षण एकोणतीस वर्षांनी खरे ठरले. पोलिओच्या इतिहासात नाकाचे प्रकरण तिथे मिटले, आणि बहुतेक पुस्तकेही तिथेच थांबतात.

नाकाच्या इतिहासात मात्र ते तिथून सुरू होते. झिंक सल्फेट घ्राणपेशी मारते, हे आता पक्के कळले होते. त्यामुळे प्राण्यांचे गंधज्ञान घालवून त्यांचे वर्तन पाहू इच्छिणाऱ्या संशोधकांना एक सोयीचे साधन मिळाले. उंदरांच्या नाकात द्रावण घाला, काही दिवस त्यांचे निरीक्षण करा. पण एक विचित्र गोष्ट वारंवार दिसे : उंदरांचा वास काही आठवड्यांनी परत येई. मेलेल्या चेतापेशी परत कशा येतील? सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या काळापासून शिकवले जात होते की प्रौढ प्राण्यात चेतापेशी गेली ती गेली.

१९७० च्या दशकात फ्लोरिडातील पास्क्वाले ग्राझिआदेई आणि इतर काही संशोधकांनी याचा छडा लावला. नव्याने विभागणाऱ्या पेशींवर किरणोत्सारी खूण करून त्यांनी दाखवले की घ्राणपट्ट्याच्या तळाशी असलेल्या पेशी आयुष्यभर नव्या घ्राणचेतापेशी घडवत राहतात, आणि त्या नव्या पेशींचे तंतू पुन्हा मेंदूपर्यंत जाऊन पोचतात. हवेत उघड्या पडलेल्या पेशींची झीज होणारच. निसर्गाने भरपाईची सोय करून ठेवली होती. टोरांटोच्या बहुतेक मुलांचा वास का परतला आणि काहींचा का नाही, याचेही उत्तर यात आहे. वरच्या पेशी मेल्या पण तळाच्या वाचल्या तर पट्टा पुन्हा उगवतो. तळही जळला तर तिथे साधी श्वसनमार्गाची त्वचा भरून येते. जखम बरी होते, वास येत नाही.

घ्राणनाशावर आज जे उपचार शोधले जातात त्यांपैकी अनेकांचा पाया ही पुनर्निर्मितीच आहे. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंध ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके शोधली, त्यांना २००४ चे नोबेलही मिळाले. त्यावर स्वतंत्र धागा हवा. उपचाराच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते ते २००९ मधील एक साधे काम. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी वास गेलेल्या रुग्णांना चार बाटल्या दिल्या : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली हुंगायची, बारा आठवडे. न हुंगणाऱ्या रुग्णांपेक्षा हुंगणाऱ्यांचे गंधज्ञान अधिक सुधारले. पेशी नव्याने उगवत असतील तर त्यांना काम द्या, असा हा विचार. सर्वांना गुण येत नाही, आणि आला तरी हळूहळू येतो. तरीही कोविडनंतर जगभरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी रुग्णांना प्रथम हेच सुचवले.

कोविडने नाकाच्या वाटेचा जुना प्रश्नही पुन्हा वर काढला. लाखो लोकांचा वास जातो आहे, म्हणजे विषाणू घ्राणतंतूंतून मेंदूकडे चालला आहे काय? या वेळी उत्तर माकडावरून काढले गेले नाही. मृत रुग्णांच्या नाकातील ऊती तपासल्या तेव्हा विषाणू मुख्यतः घ्राणपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत आढळला, खुद्द चेतापेशींत नव्हे. सेबिन यांनी वापरली तीच पद्धत.

राहता राहिले जस्त. १९३८ चा तो निबंध बालरोगांच्या नियतकालिकात, पोलिओच्या कपाटात पडून राहिला. १९९९ च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारात ‘झायकॅम’ नावाची सर्दीवरची जेल आली. ती नाकात लावायची असे, डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळे, आणि तिच्यात जस्ताचेच एक लवण होते, झिंक ग्लुकोनेट. लवण वेगळे, घालण्याची रीत वेगळी. पण ग्राहकांकडून वास गेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. १६ जून २००९ रोजी, म्हणजे हुमेल यांचा निबंध निघाला त्याच वर्षी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही नाकातील जस्ताची उत्पादने वापरू नयेत असा इशारा दिला. तोवर त्यांच्याकडे अशा १३० हून अधिक तक्रारी जमल्या होत्या.

टोरांटोत १९३७ साली पाच वर्षांचे असलेले मूल त्या दिवशी ७७ वर्षांचे होते.