पुतळा कोठें ओतला?

सार्वजनिक पुतळ्यासमोर उभें राहिल्यावर तो कोणाचा आणि कोणीं घडविला, एवढें आपण विचारतों. तो ओतला कोठें, हें विचारण्याचें सहसा सुचत नाहीं. आज त्याविषयींच थोडें बोलावयाचें आहे.

१८७२ सालीं मुंबईंत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बसला. पैसा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा, छिन्नी लंडनच्या मॅथ्यू नोबलची. १८७९ चा ‘काळा घोडा’ही तसाच; मुंबईचे व्यापारी सर अल्बर्ट ससून यांनीं तो जोसेफ बोहेम यांजकडून करवून घेतला. द्रव्य येथलें आणि हात तेथले, अशी ती वहिवाट होती.

तिला छेद देणारें एक मोठें काम मुंबईंतच झालें. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर यांनीं पुण्याकरितां शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविला. सुमारें साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगांवीं ओतला गेला आणि १९२८ च्या जूनमध्यें पुण्यास उभा राहिला. ओतकामाची विद्या हाताची असते. रस कोठून सोडावा, साच्यांत कोंडलेली हवा कोठून काढावी, निवतांना धातु किती आकसेल, हें ओताऱ्यास हात भाजून घेऊनच उमगतें, आणि शेजारीं भट्टी सांभाळणारा पोऱ्या तें नकळत उचलतो.

म्हणूनच २०१८ सालची गोष्ट मनाला लागते. नर्मदेकांठीं केवडियास सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. शिल्पकार आपलेच, धुळें जिल्ह्यांतील गोंदूरचे राम सुतार. बांधकाम मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोचें. मात्र अंगावरचे ब्राँझचे हजारों पत्रे चीनमधील नानचांग येथें ओतवून आणले. एवढें काम पेलील अशी ओतशाळा भारतांत नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. तें खोटें नसेल. पण ओतशाळा कामानेंच वाढते, आणि माझगांवच्या त्या भट्टीला तेव्हां ९० वर्षें झालीं होतीं! निवडणुकीच्या सभांतून ‘चिनी’ या शब्दाचा पुष्कळ उपयोग झाला. आपल्या ओताऱ्यांविषयीं फारसें कोणी बोललें नाहीं.

सुतारांनीं मूळ प्रतिमा स्वतःच घडविली होती. तिच्यावरून अवाढव्य साचे करणें, सांधे जुळविणें, फसलेला भाग पुन्हां ओतणें, या साऱ्याचा सराव नानचांगच्या पोऱ्यांना मिळाला.